पावणेदोन आकडे

नऊ पुरुष

लेक गेला त्याच्या अठराव्या दिवशी सून विहिरीत उतरली.

सासऱ्यानं आधी नाही म्हटलं, मग उठून दोर तपासायला लागला. त्याचं नाही नेहमी एवढंच टिकायचं. दोर त्यानं हातभर हातभर करत मांडीवरून फिरवला, प्रत्येक पीळ अंगठ्यानं उलगडून पाहिला. सून समोर उभी होती. नवऱ्याची विजार तिनं पायाशी चार वेळा दुमडली होती आणि कमरेला सुतळीनं आवळली होती.

"खाली अंधार असतो," म्हातारा म्हणाला.

"घरात कुठं दिवे लागलेत?" सून म्हणाली.

दारात गुडघे पसरून बसलेली म्हातारी मध्ये पडली. "जाऊ दे तिला. तुझ्याच्यानं टिकाव उचलत नाही आणि माझ्याच्यानं मी."

बागवाला आदल्या दिवशी येऊन गेला होता. विहीर त्याचीच. उंबऱ्याबाहेर उभं राहून, चप्पल न काढता तो म्हणाला होता, "आबा, मी माणूस वाईट नाही. पण झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली. झाडाला काय कळतं कोणाच्या घरात काय झालं ते?" मग जरा थांबून, "आणि ज्या विहिरीत माणूस गेला ती अर्धी सोडलीत, तर दुसरा कोणी खोदणारा तिला हात लावत नाही. तुम्हालाच ठाऊक. मी काय करू तिचं? बुजवू?"

म्हाताऱ्याला ठाऊक होतं. अर्धी विहीर आणि मोडलेलं लग्न, दोन्ही माणसाच्या मागं आयुष्यभर चालतात.

विहिरीच्या कडेला सुनेनं दोराला बांधलेल्या फळीवर पाय ठेवला, दोर छातीशी धरला. म्हाताऱ्यानं दोराचे खुंट्याला दोन वेढे दिले. दोन वेढे असले की म्हातारं माणूसही रेडा तोलतं. सगळं वजन खुंटा खातो, हातात येते ती नुसती खबर. त्यानं ढील दिली. सून आधी कमरेपर्यंत गेली, मग डोक्यापर्यंत, मग तिच्या डोक्याला बांधलेलं फडकं तेवढं राहिलं, आणि मग दोर.

खोली मोजायची ती पुरुषानं. एक पुरुष म्हणजे एक उभा माणूस. प्रत्येक खोदणाऱ्या घराचा पुरुष वेगळा, कारण माणूस वेगळा. या घराचा पुरुष लेक होता. तो एकोणिसाचा झाला त्या वर्षी म्हाताऱ्यानं त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, टाचेपासून टाळूपर्यंत मापाची दोरी ताणली आणि तेवढ्या तेवढ्या अंतरावर गाठी मारून घेतल्या. "श्वास सोड की रे, फुगून उंच होतोस का?" असं तो म्हणाला होता. ती दोरी आता रहाटाच्या खांबाला टांगलेली होती. बारा गाठी. बारा वेळा तो.

"टेकले," खालून आवाज आला.

तळ नऊ पुरुषांवर होता. अठरा दिवसांपूर्वी होता तिथंच.


तेच नऊ

वर बसणाऱ्या माणसाला या धंद्यात एकच शब्द शिकवतात. भिंत. वरून काहीही सुटलं, दगड, पहार, टोपलं, प्यायच्या पाण्याचा तांब्या, तरी ओरडायचं ते भिंत. खालच्यानं तो शब्द ऐकला की हातातलं टाकायचं, छाती भिंतीला लावायची आणि नाक मातीत खुपसायचं. मग जे यायचं ते पाठीवर येतं. पाठ मोडते, जुळते. डोक्याला फडक्याची जाड चुंबळ असते, तीही थोडं सोसते. बघ म्हणायचं नाही. सांभाळ म्हणायचं नाही. नाव तर घ्यायचंच नाही. नाव ऐकलं की माणूस वर बघतो. कुत्रंसुद्धा बघतं. म्हाताऱ्यानं हे चाळीस वर्षं लोकांना शिकवलं होतं, आणि एकदा चुकलेल्या एका दोरवाल्याच्या थोबाडीत दिली होती.

लेक गेला त्या दिवशी. निवांत चालीची दोन पावलं, तेवढा वेळ म्हणजे एक आकडा. पाव आकडा. दगड टोपल्याच्या बुडाला चिखलानं चिकटून वर आला होता. म्हाताऱ्यानं टोपलं कडेला ओढलं तेव्हा तो सुटला आणि दीड वीत खाली गेला. इतका सावकाश, की हात घातला असता तर मिळाला असता. हात टोपल्यात होते.

अर्धा. दगड छातीभर खाली. मुठीएवढा. एक बाजू ओली, एक कोरडी.

पाऊण. दीड पुरुष. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.

एक. तीन पुरुष. तोंडातून लेकाचं नाव बाहेर पडलं. घरातलं, लहानपणचं, शेवटचं अक्षर ओढलेलं, पाण्यात खोल जाणाऱ्या पोराला मारावी तशी हाक.

सव्वा. साडेचार पुरुष. नाव दगडाच्या पुढं गेलं आणि आधी तळाशी पोचलं.

दीड. पावणेसात पुरुष. लेकानं वर पाहिलं.

पावणेदोन.


सव्वानऊ

पहिल्या दोन दिवसांत सुनेच्या तळहाताला फोड आले, तिसऱ्या दिवशी फुटले. तिनं त्यावर मुरमाची बारीक माती चोळली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. खाली पिवळा मुरूम होता, टिकाव मारला की मूठभर निघायचा आणि खण्णकन हात झिणझिणायचा. ती टोपलं भरायची, दोराला दोन झटके द्यायची. म्हातारा रहाट फिरवायचा. टोपलं वर आलं की आता तो आधी त्याच्याखाली फळी सरकवायचा, मग टोपल्याच्या बुडावरून हात फिरवायचा, मगच ते बाजूला घ्यायचा. कडेपासून दोन हातांपर्यंत झाडूनं झाडायचा. प्रत्येक टोपल्याला. दिवसाला साठ टोपली.

माती कडेजवळच्या ढिगावर पडत होती. ढीग आता माणसाहून उंच झाला होता.

दुपारी ती वर यायची तेव्हा उजेडात डोळे मिटून बसायची. डबा उघडायला तिची बोटं सरळ होत नसत. म्हातारा डबा उघडून द्यायचा आणि तोंड दुसरीकडं करायचा.

"आबा, ते खाली गाणं म्हणायचे?"

"शिव्या द्यायचा. मुरमाला."

"घरी तर कधी शिवी ऐकली नाही त्यांच्या तोंडून."

"सगळ्या इथं संपवून यायचा."

सून हसली. हसताना तिच्या गालावरची वाळलेली माती तडकली.

संध्याकाळी घरी गेले तर म्हातारी शेजारणीला सांगत होती. "एवढा होता दगड," आणि दोन्ही हातांनी दाखवत होती. अंत्यविधीच्या दिवशी दगड नारळाएवढा होता. पुढच्या आठवड्यात घागरीएवढा झाला. आज म्हातारीचे हात दोन्ही गुडघ्यांच्या बाहेर गेले होते. "एवढा! एवढं जड धूड वाऱ्यासारखं येणार नाही तर काय? माझ्या माणसाला तोंड उघडायला सवड मिळाली नाही."

हे तिला म्हाताऱ्यानंच सांगितलं होतं. त्या दिवशी बागवाला पळत आला, त्यानं तळातून वर काढलेला दगड पाहिला आणि म्हणाला, "एवढासा? हा तर सावकाश आला असेल. ओरडला नाहीत?" तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "हा नव्हे. दुसरा होता. मोठा. मोठा दगड फार वेगानं येतो. वेळच मिळाला नाही." मग तोच दगड त्यानं ढिगात फेकला, वर चार टोपली माती टाकली. लोकांना पटलं. जड ते आधी पडतं, हे शेंबड्या पोरालाही पटतं. एकदा बोललेलं खोटं त्याला मागं घेता येईना. ते घरात आलं, जेवायला बसलं, आणि म्हातारी त्याला रोज वाढू लागली.


पावणेदहा

त्या दिवशी मापाची दोरी ओली होऊन जड झाली होती, गाठी पिळात लपत होत्या. जेवण झाल्यावर सून म्हणाली, "ते दगड टाकून मोजायचे ना? मला शिकवा."

म्हाताऱ्याला बरं वाटलं. कोणी धंदा विचारला की तो वीस वर्षांनी तरुण व्हायचा.

"मोजायचं छातीच्या ठोक्यानं नाही. घाबरलं की छाती पळते. चालीनं मोजायचं. निवांत चालणारं माणूस दोन पावलं टाकतं, तेवढा एक आकडा. दगड नुसता सोडायचा, फेकायचा नाही. एका आकड्यात तो तीन पुरुष जातो."

"म्हणजे दोन आकड्यांत सहा."

"बारा."

"कसे बारा?"

"तो दम खात नाही ना. आपण उतारावरून पळतो तसं. पहिल्या पावलाला माणूस असतो, दहाव्याला गाडी. जितका पडतो तितका पळतो." म्हातारा बोटांनी हवेत दाखवू लागला. "शेवटच्या पाव आकड्यात तो जेवढं तोडतो ना, तेवढं पहिल्या पाऊण आकड्यातही तोडत नाही."

सून ढिगाकडं गेली. तिथून तिनं ओरडून विचारलं, "कसला घेऊ? मोठा की लहान?"

"काहीही घे," म्हातारा म्हणाला. "सगळं सारखंच येतं."

बोलून बसला.

वाऱ्यानं बागेतली सुकी पानं जमिनीवरून खरवडत नेली. सून ढिगापाशी पाठमोरी वाकलेली होती, तशीच थोडा वेळ राहिली. मग ती आली. एका हातात लिंबाएवढा खडा होता, दुसऱ्या हातात घागरीच्या तोंडाएवढा दगड, कुशीत धरून आणलेला. कडेला ती पालथी झोपली, दोन्ही हात पुढं काढले.

"पोरी, हात दुखतील."

तिनं दोन्ही हात एकदम उघडले.

ती पुटपुटत मोजत होती. एक. दोन म्हणायला ओठ जुळले, आणि खाली धप्प झालं. एकदाच. दोन दगड आणि आवाज एक.

ती उठली नाही. तशीच पालथी, हनुवटी हातावर ठेवून खाली बघत राहिली.

"दोनच्या जरा अलीकडं," ती म्हणाली.

"पावणेदहा आहेत ना."

"त्या दिवशी नऊ होते."

"नऊ."

"म्हणजे किती? आकडे?"

म्हाताऱ्यानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. "पावणेदोन," तो म्हणाला.

सून उठली, अंगावरची माती न झटकता फळीवर पाय ठेवून उभी राहिली. "सोडा," म्हणाली. त्यानं खुंट्याला वेढे दिले. तिसरा वेढाही दिला, गरज नसताना.


दहाला चार बोटं कमी

भिंत.

खालून आवाज आला तेव्हा म्हातारा दचकून उठला आणि स्वतःच मागं सरकला, जणू विहिरीतून वर काही पडणार होतं.

भिंत. भिंत.

ती हाका मारत नव्हती. बोलत होती, नुसतं, सरळ, एकामागं एक. मग टिकावाचे दोन घाव. मग पुन्हा.

भिंत भिंत भिंत.

पावणेदोन आकड्यांत ते घाई न करता तीन वेळा मावत होतं. तिसऱ्यानंतर श्वास घ्यायलाही जागा होती.

म्हातारा रहाटाचा दांडा धरून उभा राहिला. टोपल्याचे झटके आले, त्यानं ओढलं, फळी सरकवली, बूड चाचपलं, रिकामं केलं, झाडलं. पुढचं टोपलं. बागवाला लांबून चक्कर मारून गेला, "ओल लागली का?" असं विचारून. म्हाताऱ्यानं मान हलवली, हो की नाही ते त्यालाही सांगता आलं नसतं. लागली होती. मुरूम गडद होऊन येत होता, मुठीत दाबला की गोळा होत होता.

संध्याकाळी ती वर आली. वाटेनं दोघं एकामागं एक चालले. पुढं ती, खांद्यावर टिकाव. ती विचारेल म्हणून तो वळणावर थांबला, मग चिंचोळ्या पुलावर थांबला, मग घराच्या कोपऱ्यावर थांबला. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा खोटं बोलला असता, हे त्याला चालता चालता कळलं. ती विचारत नव्हती, म्हणूनच त्याचा नाइलाज होत चालला होता.


दहा

दुसऱ्या दिवशी काम लवकर आटोपलं. ऊन अजून भिंतींवर होतं. सून मागच्या दारी दगडावर बसून पाय धूत होती. पाण्याचा पहिला तांब्या पिवळा गेला, दुसरा फिका. आत म्हातारी घोरत होती.

म्हातारा समोर उभा राहिला. मग खाली बसला. उभ्यानं सांगायची ती गोष्ट नव्हती.

"लहान होता," तो म्हणाला. "मुठीएवढा."

सून टाच घासत राहिली.

"वेळ होता. मी ओरडलो."

"काय ओरडलात?"

त्यानं सांगितलं. लेकाचं नाव उच्चारलं नाही, नुसतं नावच ओरडलो असं म्हणाला.

"सगळं नाव?"

"सगळं."

तिनं तांब्या खाली ठेवला. तांब्या कलंडला, घरंगळत उतारानं गटाराच्या कडेपर्यंत गेला आणि तिथं अडला. दोघांनीही उचलला नाही.

"मग त्यांनी वर बघितलं असेल."

"बघितलं."

"कसं?"

म्हाताऱ्याला कळलं नाही.

"कसं बघितलं, आबा? घाबरून? चिडून? माणूस काहीतरी करून बघतो ना."

या एका गोष्टीवर म्हाताऱ्यानं पंचवीस दिवस पाय दिला नव्हता. त्यानं तोंडावरून हात फिरवला. हात ओला झाला.

"डबा आला म्हणून बघतो ना," तो म्हणाला, "तसं."

सुनेनं दोन्ही पाय पोटाशी घेतले, डोकं गुडघ्यांवर ठेवलं. तिची पाठ हलू लागली. आवाज नव्हता. ओल्या टाचांभोवती मुंग्या जमल्या, त्या तिच्या पायावर चढल्या तरी तिनं झटकल्या नाहीत. म्हातारा समोर बसून होता. पुढं होऊन डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, आणि आपला हात तिथं ठेवायची आपली लायकी राहिली नाही असंही वाटलं. दोन्हीच्या मध्ये त्याचा हात गुडघ्यावरच राहिला.

बऱ्याच वेळानं ती गुडघ्यांतूनच म्हणाली, "शिव्या द्या म्हणालात तर देईन. पण मला सुचत नाहीत."

"दे."

"सुचत नाहीत म्हटलं ना."

आत म्हातारी जागी झाली. "काय कुजबुज चाललीय रे मागं? कोण आलंय?"

"कोणी नाही," सून म्हणाली. डोकं वर करून, नाक पुसून. "कोणी नाही आलं, आई. आबा आहेत."

मग ती उठली, आत गेली आणि सासूला धरून बसतं केलं. म्हाताऱ्यानं बाहेरून ऐकलं. ती सासूला म्हणत होती, "उद्यापासून दगडाचं कुणाला सांगू नका." "का गं?" "नका सांगू. मला ऐकवत नाही." म्हातारी पुटपुटली, पण मग गप्प झाली.


नऊ

सकाळी विहिरीवर पोचल्यावर सुनेनं डोक्याचं फडकं सोडलं. ते तिनं झटकलं, चार पदरी केलं आणि म्हाताऱ्यापुढं धरलं.

"आज तुम्ही उतरा."

"माझ्याच्यानं टिकाव..."

"टोपली भरा नुसती. काल खणून ठेवलंय मी. दोर मी धरते."

तिचे डोळे सुजलेले होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि म्हातारा कळून घ्यायच्या जागेवर नव्हता. ती त्याला वर आणणार की नाही, असासुद्धा विचार त्यानं केला. मग केल्याची लाज वाटली. मग लाजही गेली. त्यानं फडकं डोक्याला गुंडाळलं, फळीवर पाय ठेवला. सहा वर्षांत तो खाली गेला नव्हता.

तिनं खुंट्याला दोन वेढे दिले. तिसरा दिला नाही.

उजेड वर राहिला. भिंती जवळ आल्या. वरची माती तांबूस, तिच्यात मुळं लोंबत होती; मग दगडगोटे; मग मुरूम सुरू झाला आणि त्यात टिकावाचे घाव दिसू लागले. घाव लेकाचे होते. तो डावखुरा, त्यामुळं सगळे उजवीकडं कललेले, लांब, एका दमात मारलेले, पावसाच्या तिरक्या सरीसारखे. म्हातारा त्यांवरून बोटं घासत खाली जात होता. पाच पुरुष. सात. आठ.

मग घाव बदलले. आखूड झाले, सरळ झाले, एका जागी तीन तीन. सुनेचे.

"थांब," तो म्हणाला.

दोर थांबला. फळी थोडी झुलली आणि स्थिर झाली.

लांब घाव जिथं संपत होते आणि आखूड सुरू होत होते, तिथं भिंतीवर एक आडवी रेघ पडल्यासारखी दिसत होती, विहिरीभोवती सगळीकडून. तीच जमीन होती. तिच्यावर लेक उभा होता, तिच्यावरच तो पडला. आता तिथं काही नव्हतं. ती जमीन सुनेनं टोपल्याटोपल्यानं भरली होती आणि म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातांनी वर ओढून ढिगावर ओतली होती. लेक जिथं गेला ती जागा आता हवेत होती, म्हाताऱ्याच्या पायांखाली एक पुरुष मोकळी पोकळी होती, आणि तो तिच्यावर एका फळीवर लोंबकळत होता.

"लागला तळ?" वरून सुनेनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"इथं होता तो," म्हातारा म्हणाला.

वरून काही आलं नाही. ना शब्द, ना माती. दोर तेवढा कुरकुरला. म्हाताऱ्यानं दोराला गाल लावला. त्याच्या सगळ्या वजनाची खबर त्या दोरातून वर जात होती, आणि वरून तिच्या पकडीची खाली येत होती. फुटलेले फोड अजून भरले नव्हते. ती दोर दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून, मागं झुकून उभी असणार. तसं किती वेळ उभं राहता येतं हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. तेवढा वेळ होऊन गेला. त्याच्याही पुढं थोडा गेला.

"धरलंय मी," सून म्हणाली. "बघा तुम्हाला किती बघायचंय ते."

त्यानं फळीवर उकिडवं बसून, हात पुढं करून लेकाच्या शेवटच्या घावात चार बोटं घातली. बसली.

"ढील दे," तो म्हणाला.

तिनं एकदम दिली नाही. हातभर दिली, थांबली, पुन्हा हातभर दिली. नववा पुरुष त्याच्या डोळ्यांसमोरून, मग कपाळावरून, मग डोक्यावरून सावकाश वर गेला.